जोमदार फांदी

"हा लॉट आपल्या रोपांचा नाहीच," रिपोर्टवर बोट आपटत कुलकर्णी सर म्हणाले. "ही साधी ब्राह्मी आहे. पाटाच्या कडेला आपोआप उगवते ती. मॅडम, तुमचं काय म्हणणं?"

तारापूर एमआयडीसीतल्या आमच्या कंपनीची मीटिंग रूम. आम्ही औषधी वनस्पतींचे अर्क काढतो. कुलकर्णी सर टेक्निकल डायरेक्टर. त्यांच्या शेजारी सतीश, शेतकऱ्यांकडून माल उचलणारा फील्ड ऑफिसर. आणि समोर मी, ज्या रोपांवरून हे सगळं चाललं होतं ती रोपं तयार करणारी सायंटिस्ट. शिरगावहून आलेला सुक्या ब्राह्मीचा अख्खा लॉट औषधी द्रव्य कमी भरल्यामुळे टेस्टमध्ये फेल गेला होता.

मी म्हणाले, "सर, माझ्याकडून रोपं बरोबर गेली होती."

'माझ्याकडून' हा शब्द मी जरा दाबून उच्चारला. मग चूक कोणाकडून झाली, ते काही मी बोलले नाही. ते काम सतीशने लगेच उचललं. "म्हणजे शिरगाववाल्यांनीच भेसळ केली. आपली रोपं मरून गेली असणार, यांनी ओढ्यातली भरून पाठवली."

त्या क्षणी मला एक फोन आठवला होता. नेमका, शब्दन् शब्द आठवला होता. मी समोरचा पाण्याचा ग्लास उचलला आणि सावकाश पाणी प्यायले. ग्लास खाली ठेवेपर्यंत सर पुढच्या मुद्द्यावर गेले होते. ही गोष्ट मी आजवर घरीसुद्धा नीट सांगितलेली नाही, कारण सांगायला लागलं की त्या ग्लासापाशी येऊन अडते.

आता ही 'आपली रोपं' म्हणजे काय, ते सांगते. सोपं आहे.

ब्राह्मी म्हणजे इथे जलब्राह्मी. ओल्या जमिनीवर पसरणारी, बारीक गुबगुबीत पानांची, पांढरट फुलांची. स्मरणशक्तीच्या गोळ्यांत जाते ती. तिच्या प्रत्येक पेशीत गुणसूत्रं असतात, इंग्रजीत क्रोमोसोम. झाडाने कसं वाढायचं, पान केवढं करायचं, औषधी द्रव्य किती बनवायचं, याच्या सूचना त्यांच्यात भरलेल्या असतात. ब्राह्मीत ती चौसष्ट. पेशी दुभंगताना आधी या चौसष्टांची दुप्पट होते आणि मग निम्मी इकडे, निम्मी तिकडे अशी वाटणी होते. कोल्चिसिन नावाचं रसायन ही वाटणी होऊ देत नाही. दुप्पट तर झाली, पण पेशी दुभंगलीच नाही. एकाच पेशीत एकशे अठ्ठावीस अडकून राहिली. ती पेशी पुढे वाढली की सगळा वंश दुप्पटवाला.

अशा झाडाचं पान मोठं, जाड आणि गडद हिरवं होतं. देठ ठोसर होतो. पुष्कळदा औषधी द्रव्यही वाढतं, म्हणून तर हा खटाटोप. पण दुप्पट गुणसूत्रं सांभाळायची म्हणजे पेशीला दुभंगायला वेळ लागतो. झाड हळू वाढतं. बसल्या बसल्या अंग धरणाऱ्या मुलासारखं. ही हळू वाढण्याची गोष्ट नीट ध्यानात ठेवा. मी ठेवली नव्हती, आणि मी तर त्यातली डॉक्टरेट आहे.

आमचं ग्रीनहाउस पाम गावात आहे, कारखान्यांच्या धुरापासून थोडं बाजूला. तिथे मी ब्राह्मीचे शेंडे कोल्चिसिनच्या पाण्यात बुडवले. हातमोजे, मास्क, सगळं लावून, कारण ते जहाल विष आहे. बहुतेक शेंडे कुजले. जे थोडे वाचले, त्यांतले काही सहा-सात आठवड्यांत वेगळे दिसायला लागले. जाड पानं, आखूड पेरं. मी हरखून गेले. आमच्या कुंड्यांतल्या पाल्यात औषधी द्रव्यही चांगलं भरलं.

आता हे झाड खरंच दुप्पट झालं का, हे तपासायचे दोन मार्ग. एक सोपा. पानाच्या मागच्या बाजूला बिनरंगी नेलपॉलिश लावायचं, वाळलं की चिकटपट्टीने सोलून मायक्रोस्कोपखाली धरायचं. पानाला श्वास घ्यायची बारीक छिद्रं असतात. दुप्पटवाल्या पानात ती मोठी आणि विरळ दिसतात. दुसरा मार्ग कटकटीचा. मुळाचं कोवळं टोक कापायचं, रंगवायचं, काचेखाली अंगठ्याने दाबून पसरायचं आणि गुणसूत्रं मोजायची. खसखशीसारखे बारीक ठिपके, एकमेकांवर चढलेले. एकशे अठ्ठावीस मोजताना डोळे पांढरे होतात.

मी दर रोपाचं एक पान घेतलं. वरचं, छान जाड दिसणारं. नेलपॉलिश लावलं. छिद्रं मोठी दिसली. 'दुप्पट' असा शेरा मारला आणि सही केली. पुढच्या लावणीला रोपं द्यायची घाई होती, सर रोज विचारत होते. मुळांचं नंतर बघू म्हटलं. ते 'नंतर' आलंच नाही.

हेमाताई राऊत मला कोळगावला भेटल्या. तिथे जिल्हा कार्यालयाच्या आवारात बचत गटांचं प्रदर्शन होतं, त्यांच्या गटाचा स्टॉल होता. पंचावन्न-छप्पन्नच्या. शिरगावात त्यांची वाडी, नारळ, चिकू आणि खाली पानवेल. पिढ्यान् पिढ्या विड्याची पानं खुडणारं घर. मी त्यांना आमच्या ब्राह्मीचं पान दाखवलं. त्यांनी ते अंगठा आणि बोटात धरून नुसतं चोळलं, डोळे मिटून.

"जाड हाय," त्या म्हणाल्या. "पन कोवळं हाय. चांगलं हाय पान."

मला तिथल्या तिथे कळलं की माणूस मिळालं. त्यांनीच आळीतल्या आठ घरांना तयार केलं. कंपनीवर कोणाचा विश्वास नव्हता, हेमाताईंवर होता. "ती बोलते म्हंजे बरोबरच असंल," असं त्यांच्या शेजारणीने, सुमनकाकींनी, माझ्यासमोर म्हटलेलं मला आठवतं. मी दिलेली मूळ रोपं थोडी होती. त्यांच्या फांद्या तोडून लावायच्या, त्या वाढल्या की परत तोडून लावायच्या, अशी वाफ्यांची संख्या वाढवायची होती. ते सगळं हेमाताईंच्या वाडीत व्हायचं आणि तिथून फांद्या आठ घरांत जायच्या.

आणि मग तो फोन. जुलै महिना, कंपनीत ऑडिट चालू. मी एका हातात फाइल धरून बोलत होते.

"मॅडम, हेमा बोलते शिरगाववरून. एक इचारायचं होतं. एकाच रोपाला दोन परकारच्या फांद्या येतात. एक पलते नुसती, तिचं पान हाताला पातळ लागते. दुसरी बसून रायते, तिचं पान जाड. लावनीला कुटली घेऊ?"

"जी जोमदार असेल ती घ्या, ताई."

"पलती घेऊ? पन पान पातळ लागते, मॅडम."

"ताई, ओलावा जास्त झाला असेल. जोमदार फांदी घ्या. पत्रकात लिहिलंय ना तसं."

पत्रक मीच लिहिलं होतं. 'लावणीसाठी निरोगी व जोमदार फांद्या निवडाव्यात.' कुठल्याही झाडाच्या पत्रकात असतं तसं वाक्य. मी ते न वाचता उतरवलं होतं म्हटलं तरी चालेल.

"बरं," हेमाताई म्हणाल्या. "तुमी सांगता तर तसं करते."

त्यांनी तसं केलं. अगदी मनापासून केलं. हळू वाढणारी प्रत्येक फांदी निवडून काढली आणि खतात टाकली.

मीटिंगनंतर चार दिवसांनी सर म्हणाले, "सतीशबरोबर तुम्हीही शिरगावला जा. टेक्निकल माणूस असलेलं बरं." मी गेले. ती माझी दुसरी चूक, कारण मी तिथे नसते तर हेमाताईंना निदान आशा तरी राहिली असती की मॅडमना हे माहीत नसेल.

सतीशने वाडीत शिरल्या शिरल्या विहिरीमागचा ओहोळ गाठला. तिथे साधी ब्राह्मी होती. असणारच, ओल्या जागेत सगळीकडे असते. त्याने मूठभर उपटली, मोबाइलवर फोटो काढले. मग शेजारच्या घरांत जाऊन विचारायला लागला, "यांनी तुम्हाला फांद्या कुठून आणून दिल्या? तुम्ही बघितलं होतं का?" बायका दारात येऊन उभ्या राहिल्या. सगळ्या हेमाताईंकडे बघत होत्या, आणि ते बघणं आता पहिल्यासारखं नव्हतं.

हेमाताई माझ्याजवळ आल्या. आवाज चढवला नाही.

"मॅडम, तुमी सांगा ना यांना. मी तुमाला फोन केलता. तुमी बोल्ल्या पलती घ्या. मी तीच घेतली."

सतीशने माझ्याकडे बघितलं. मला एक हो म्हणायचं होतं. एका अक्षराचं काम. आणि मी काय म्हणाले? "ताई, मी कंपनीत बोलते."

त्यांना ते लगेच समजलं. माझ्या तोंडाकडे त्या दोन क्षण बघत राहिल्या आणि मग घरात निघून गेल्या. आतून पाट सरकवल्याचा आवाज आला. आम्हाला कोणी पाणी विचारलं नाही.

कंपनीत मी काहीही बोलले नाही. मनाला सांगितलं, फोन झाला हे खरं, पण भेसळ झाली नाही असं त्यावरून थोडंच सिद्ध होतं? शास्त्राच्या भाषेत स्वतःला फसवणं फार सोपं असतं, कोणी उलटतपासणी घेत नाही. कंपनीने शिरगावचं नाव यादीतून काढलं. रजिस्टरमध्ये कारण लिहिलं, 'मालात भेसळ.' आळीतली नऊच्या नऊ घरं गेली. आठ घरांनी ते पाप हेमाताईंच्या पदरात टाकलं. बचत गटाचं अध्यक्षपद त्यांच्याकडून गेलं, हे मला सतीशकडूनच कळलं. हसत सांगत होता तो. मी त्याला गप्प बस म्हणाले नाही.

मार्चमध्ये पामच्या ग्रीनहाउसमध्ये रामसुमेरने मला हाक मारली. हा आमचा माळी, जौनपूरचा, बारा वर्षं इथे आहे. मूळ दुप्पटवाल्या रोपांच्या कुंड्या त्याच्याच ताब्यात. त्याने त्यांची छाटणी केली होती आणि नवी फूट आली होती.

"मैडम, ये गमला देखिए. एक ही पौधा है, मगर दो तरह का निकल रहा है. ये वाला भाग रहा है, ये वाला बैठा है."

मी कुंडीपुढे उकिडवी बसले. पळणारी फांदी, पातळ पान. बसलेली फांदी, जाड पान. एकच बुंधा. शिरगावचं वाक्य हिंदीत माझ्यासमोर उभं होतं. रामसुमेरला वाटलं मला ऊन लागलं, त्याने स्टूल आणून दिलं.

त्या आठवड्यात मी ते केलं जे वर्षभर आधी करायला हवं होतं. प्रत्येक फांदीचं वेगळं पान, वेगळं नेलपॉलिश. प्रत्येक फांदी स्वतंत्र पाण्यात ठेवून तिला मुळं फोडली, टोकं कापली, रंगवली, दाबली आणि मोजली. डोळे चुरचुरले. पळणाऱ्या फांद्यांत चौसष्ट. बसलेल्यांत एकशे अठ्ठावीस. काहींत तर वरची साल दुप्पट आणि आतलं अंग साधं. त्यांचं नेलपॉलिश 'दुप्पट' म्हणत होतं आणि मूळ 'नाही' म्हणत होतं.

याला आमच्यात कायमेरा म्हणतात. म्हणजे एकाच झाडात दोन प्रकारच्या पेशी. कोल्चिसिन शेंड्यातल्या सगळ्या पेशींना एकसारखं गाठत नाही. काही दुप्पट होतात, काही सुटतात. सुटलेल्या पेशी भराभर दुभंगतात आणि दुप्पटवाल्यांना मागे टाकतात. अशा झाडाची फांदी लावणीसाठी निवडताना हळू वाढणारीच घ्यायची असते. जोमदार घेतली की नेमकं आपण केलेलं काम फेकून द्यायचं आणि निसर्गाचं मूळचं तेवढं ठेवायचं. हे कॉलेजच्या पुस्तकात आहे. मी हे मुलांना शिकवलंही आहे, वर्षभर पालघरच्या कॉलेजात.

भेसळ कोणीच केली नव्हती. ओहोळातलं एक पानही त्या लॉटमध्ये नव्हतं. होती ती माझीच रोपं, माझ्याच सांगण्यावरून साधी झालेली. हेमाताईंच्या जागी एखादी आळशी बाई असती आणि तिने न निवडता सरसकट फांद्या लावल्या असत्या, तर निदान निम्मा माल तरी पास झाला असता. त्यांनी माझं ऐकलं म्हणून त्या बुडाल्या.

मी सरांकडे गेले. सगळे फोटो, सगळ्या स्लाइड्स घेऊन.

सरांनी बघितलं. हुशार माणूस, दोन मिनिटांत समजले. "गुड. म्हणजे प्रोटोकॉल सुधारायला हवा. पुढच्या बॅचपासून मुळांची टेस्ट कंपल्सरी करा."

"आणि शिरगाव, सर?"

"शिरगावचं काय?"

"त्यांनी भेसळ केली नव्हती. रजिस्टरमध्ये तसं लिहिलंय."

सरांनी चष्मा काढला. "मॅडम, ती फाइल बंद झाली. आता उघडली तर पहिला प्रश्न तुम्हालाच येणार. मी तुमचं नाव आर अँड डी हेडसाठी वर पाठवलंय. थोडं थांबा."

मी थांबले. एप्रिल गेला, मे गेला. जूनमध्ये ऑर्डर आली, दारावर नवी पाटी लागली. रामसुमेरने पेढे मागितले, मी दिले. पेढे वाटले आणि तरी थांबले. आता कशासाठी थांबले होते, ते मला सांगता येत नाही. भीती तर संपली होती. शरम मात्र जितकी जुनी होत जाते तितकी सांगायला जड होते, एवढं खरं. रोज सकाळी वाटायचं की आता इतक्या उशिरा कुठल्या तोंडाने जायचं.

गौरी-गणपती उरकल्यावर एका रविवारी मी शिरगावला गेले. एकटी. हेमाताई ओट्यावर पानांच्या गड्ड्या बांधत होत्या. मला बघून उठल्या नाहीत. बसाही म्हणाल्या नाहीत. मी खालच्या पायरीवर बसले आणि सगळं सांगितलं. नेलपॉलिश, मुळं, एकशे अठ्ठावीस, पळती फांदी. फोनचंही सांगितलं. मीटिंगमध्ये तो मला आठवला होता, हेही.

त्यांचे हात थांबले नाहीत. माझं संपल्यावर त्या म्हणाल्या, "मला काय सांगता? मी काय केलंय नि काय नाय, ते मला पयल्यापासून ठाव हाय."

"ताई, मला माफ..."

"आळीत सांगा," त्या म्हणाल्या. "माज्यासमोर रडून काय होनार? ज्यांच्यासमोर मला चोर केलंत, त्यांच्यासमोर सांगा."

त्यांनी ओट्यावरूनच हाका मारल्या. अर्ध्या तासात आठ घरांतून अकरा-बारा बायका जमल्या. कोणी हात पुसत आल्या, कोणी नातवाला कडेवर घेऊन. मी उभी राहिले. कॉन्फरन्समध्ये शंभर माणसांसमोर बोलताना माझा आवाज कधी कापला नाही. तिथे कापला. गुणसूत्रं वगैरे सांगायला लागले तर तोंडं कोरी झाली, म्हणून ते सोडलं. म्हटलं, "रोपं मीच अर्धवट तपासून दिली. कुठली फांदी लावायची ते हेमाताईंनी मला विचारलं होतं. मी चुकीची सांगितली. त्यांनी भेसळ केली नाही, कोणीच केली नाही. आणि हे मला मार्चपासून माहीत आहे."

सुमनकाकी पुढे आल्या. आवाजात राग नव्हता. खरोखर समजून घ्यायचं असावं, तसं त्यांनी विचारलं.

"हेमाला गटातून काडली. आमाला सगल्यांना काडलं. मंग मॅडम, तुमाला कोनी काडलं नाय?"

"नाही," मी म्हणाले.

"ओरडलं तरी असतील."

खोटं बोलायची शेवटची संधी होती ती. "नाही, काकी. मला बढती मिळाली."

सुमनकाकींनी मान हलवली, हिशेब जुळल्यासारखी. मग त्या माझ्याकडे पाठ करून हेमाताईंसमोर जाऊन उभ्या राहिल्या. खाली बसल्या आणि पानं जुळवायला लागल्या. त्यांच्यामागून आणखी दोघी बसल्या. मी तिथे उभी आहे, याची कोणाला आठवण राहिली नाही.

सोमवारी मी स्वतःच्या सहीने लेखी रिपोर्ट दिला. 'मालात भेसळ' हा शेरा खोडून 'रोपे पुरवणाऱ्या विभागाची चूक' असा लिहायला लावला, आणि त्याची प्रत शिरगावला स्वतः नेऊन दिली. सर महिनाभर माझ्याशी कामापुरतं बोलत होते. सतीशने प्रत बघितली आणि म्हणाला, "एवढं कशाला, मॅडम?" यंदा आळीतली पाच घरं परत ब्राह्मी लावतात. त्यांना आता हळू वाढणारी फांदी ओळखता येते, माझ्यापेक्षा लवकर. हेमाताईंनी ब्राह्मी लावली नाही. मी विचारलं तर म्हणाल्या, "माज्या वाडीत ती परत नको." गटाचं अध्यक्षपद त्यांना पुन्हा देऊ केलं होतं. तेही त्यांनी घेतलं नाही.

लोक विचारतात, या प्रकरणातून काय शिकलात? झाडाबद्दल शिकले ते असं, की एका पानावरून अख्ख्या झाडाचा निकाल देऊ नये, मूळ बघावं. माणसांबद्दल मात्र नवीन काहीच शिकले नाही. जे करायला हवं होतं ते त्या मीटिंगमध्येही मला नीट माहीत होतं.